भरलं एकदाचं!

“नवऱ्याला जेवायला घालतेय की गाळणीला, तेच कळेनासं झालंय,” वहिनी गाळणीतल्या टोमॅटोला चमच्याने रगडत पुटपुटली. “साल काढा, बी काढा, रेषा काढा. आता रंग तेवढा काढायचा राहिलाय.”

स्वयंपाकघर इतकं अरुंद, की एकीने पुटपुटावं आणि ते थेट दुसरीच्या कानात उतरावं. तिची धाकटी नणंद कोपराला कोपर लावून बटाटे सोलत उभी होती.

“मला म्हणालीस का गं वहिनी?”

“नाही वन्सं, टोमॅटोला म्हणाले. तो निदान ‘मला नको’ म्हणून तोंड फिरवत नाही.”

तोंड फिरवणारा गृहस्थ, म्हणजे वहिनीचा नवरा आणि धाकटीचा दादा, बाहेरच्या खोलीत उशीला टेकून बसला होता. कालच दवाखान्यातून घरी आला होता. धंद्याने नळवाला. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींमागे कुठून कुठे पाइप गेलाय हे त्याला तोंडपाठ, पण स्वतःच्या पोटातल्या पाइपापुढे मात्र त्याने हात टेकले होते. आतड्याचा आजार जुना. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला सूज यायची, जखमा व्हायच्या, गोळ्यांनी दबायच्या, पुन्हा डोकं वर काढायच्या. सालं आणि बिया वर्ज्य. मागच्या आठवड्यात एका नव्या इमारतीत नळ बसवताना तिथल्या सुताराने भाजलेलं मक्याचं कणीस पुढे केलं आणि ह्या शहाण्याने ते खाल्लं. सगळं नाही, अर्धंच. अर्ध्याची फुशारकी तो दवाखान्यात नाकात नळी असतानाही मारत होता.

त्याच रात्री पोट ढोलासारखं फुगलं, पाणीही वर यायला लागलं. नाकातून नळी घातली, खाणंपिणं बंद ठेवलं, सुया टोचल्या, तेव्हा कुठे ते दाणे मुकाट पुढे सरकले. घरी सोडताना सर्जन म्हणाले, “ह्या वेळी सुटलात. आतड्याचा तो तुकडा पार अरुंद झालाय. विचार करा आणि सोमवारी सांगा. पुढच्या खेपेला आतडं फुटलं, तर विचार करायला वेळ द्यायचं माझ्या हातात नसेल.”

आज रविवार होता, आणि घरात विचार सोडून बाकी सगळं चाललं होतं.

विचार करायचा होता तो ‘त्याचा’. ह्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. वडील पूर्वी एकदा ‘तेवढं पोटाचं उरकून येतो’ म्हणून सकाळी चप्पल घालून चालत गेले होते, ते परत आलेच नाहीत. त्या दिवसापासून आईने तो शब्द घरातून हद्दपार केला. शेजारणीच्या गुडघ्याचं झालं, तर आई म्हणायची, “तिचं ते झालं.” मावशीच्या मोतीबिंदूचंही ‘ते’. पाहुण्यांना कळायचं नाही, पण घरातली चौघंही इतकी सरावली होती, की ‘ते’ म्हटलं की आपोआप आवाज खाली यायचा आणि कुणीतरी पंखा कमी-जास्त करायला उठायचं.

आणि आता तर ‘ते’ टाळायला भक्कम निमित्त मिळालं होतं. निमित्त म्हणजे धाकटीच.

धाकटी संशोधन संस्थेत कामाला होती. तिथे ती काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बश्यांमध्ये माणसाच्या आतड्यातल्या पेशी वाढवायची. नावामागे डॉक्टर लागलं तेव्हा दादाने सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलं होतं, “ताप आला तर हिला विचारू नका. पेशीला ताप आला तर विचारा.” तेव्हापासून घरात ती बशी. कपबशीतली बशी. संस्थेत तिच्या शब्दाला वजन, हाताखाली माणसं, बोलायला उभी राहिली तर भल्याभल्यांच्या शंका बसल्या जागी गप्प. पण घराचा उंबरा ओलांडला की बशी.

तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. बशीत काय चालतं ते तिला जितकं उघड दिसायचं, तितकं घरातल्या माणसांच्या पोटात काय चाललंय ते कधीच दिसलं नव्हतं.

आतड्याचं अस्तर म्हणजे जन्ममरणाचा अखंड चालू कारखाना, असं ती सांगायची. आठवडाही होत नाही, आणि सगळं अस्तर नवं. जुन्या पेशी आपापली वेळ झाली की गळून पडतात. रडणं नाही, सुतक नाही. जखम झाली की खालून दुसऱ्या पेशी धावून येतात, दुरुस्तीवाल्या. त्या वाढतात, धागे विणतात, जखमेच्या कडा जवळ ओढतात. काम झालं की त्यांनीही मरायचं असतं. कुणी मारायचं नाही, त्यांनीच आवरतं घ्यायचं, गाशा गुंडाळायचा. शरीराचा सगळा शहाणपणा ह्या वेळेवर मरण्यात आहे.

दादाच्या आतड्यात इथेच घोडं पेंड खात होतं. ज्यांनी जगायचं त्या अस्तरातल्या पेशी सूज आली की भराभरा मरत होत्या, आणि ज्यांनी काम उरकून मरायचं त्या दुरुस्तीवाल्या घरजावई होऊन बसल्या होत्या. खायचं, प्यायचं, वाढायचं, आणि बसल्या बसल्या विणत राहायचं. विणता विणता जाळं घट्ट व्हायचं, आणि जाळ्याचा ताण जाणवला की त्यांना वाटायचं, अजून काम बाकीच आहे की! मग आणखी धागे. असं करत करत मऊ आतडं चामड्याच्या पट्ट्यासारखं होतं आणि मधली वाट बारीक होत जाते. अशा घरजावयांना मरायला लावणारं काही सापडतंय का, हेच धाकटीचं संशोधन.

मागच्या वर्षी दादाच्या आतड्यात दुर्बीण घातली होती. पोटाचे डॉक्टर बाहेर आले आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, “जखमा छान भरल्यात.”

“भरलं एकदाचं!” आई तिथल्या तिथे म्हणाली. वहिनी दवाखान्याच्या जिन्यात रडली आणि मग तिथूनच माहेरी फोन लावला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गणगोताला कळलं होतं, की भरलं. दादा तेवढा काही बोलला नाही. ‘हो का?’ एवढंच म्हणाला आणि कपडे बदलायला आत गेला.

डॉक्टरांचं पुढचं वाक्य ऐकायला धाकटीच तेवढी थांबली होती: भरलेल्या जागेच्या पुढे दुर्बीण जाईना. हाताची जखम भरली तर चांगलंच. हाताला बाहेर मोकळी हवा आहे. पण नळीची जखम भरते ती आतल्या बाजूला भरते, आणि भरता भरता वाटच बुजवते. आपल्या बोलीत दोन्हीला शब्द एकच. घरातल्या सगळ्यांनी त्यातला गोड तेवढा उचलला. आईचा चेहरा असा फुलला होता, की दुसरा अर्थ काढून दाखवायला धाकटीची जीभ रेटेना. बघू, अजून वेळ आहे, असं म्हणून तिने ते पोटातच ठेवलं. ह्या घराची रीतच ती.

आणि मग परवाचा शुक्रवार उजाडला.

तिच्या बशीतल्या दुरुस्तीवाल्या पेशी फार हट्टी होत्या. आजारी माणसांच्या कापून काढलेल्या आतड्यातून आणलेल्या त्या. उपाशी ठेवा, मरत नाहीत. त्रास द्या, मरत नाहीत, उलट जास्त विणतात. “आमच्या सासूबाईंची आठवण येते,” असं संस्थेतली मदतनीस बाई म्हणायची. शुक्रवारी धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि श्वास घ्यायची विसरली. नवं द्रव्य घातलेल्या बशीत त्या हट्टी पेशी आक्रसल्या होत्या. त्यांच्या कडांना बुडबुडे आले होते. ज्या तळाला त्यांनी जळवांसारखं धरून ठेवलं होतं, तो त्यांनी सोडला होता. अगदी शिस्तीत, ज्याचं त्याने आवरून. शेजारच्या बशीत तेच द्रव्य घातलेल्या अस्तराच्या पेशी मात्र एकमेकींना खेटून मजेत होत्या. तिने पुन्हा करून पाहिलं होतं, पुन्हा तेच. नशीब नव्हतं ते; तिने जसं होईल म्हणून सांगितलं होतं, तसंच झालं होतं.

ती तडक दवाखान्यात गेली आणि दादाच्या खाटेपाशी उभी राहून ओरडली, “दादा, मेल्या एकदाच्या!”

पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. नर्सने विचारलं, “कोण मेल्या?”

“हिच्या बशीतल्या,” दादा नळीतून हसला.

झालं. त्या एका आरोळीचं घरी पोहोचेपर्यंत औषध झालं. आईने कालच फोनवर मावशीला सांगितलं होतं, “आमच्या बशीचं औषध निघालंय. आता ह्याचं ते करायला नको.” धाकटीने ते ऐकलं, दारातच उभी राहून. फोनवरचा आईचा आवाज कित्येक वर्षांत इतका मोकळा लागला नव्हता.

तर असा हा रविवार. वहिनीने गाळलेलं सूप चार वाट्यांत ओतलं आणि चौघं टेबलापाशी बसली. दादाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. आईने त्याची वाटी आधी भरली.

“खा. चार महिने कळ काढायची, मग बशीचं औषध आहेच.”

“चार महिने कुणी सांगितले?” धाकटीने विचारलं.

“मीच धरलेत. लागले तर सहा लाव, माझं काही म्हणणं नाही.”

“उदार आहेस हो आई,” दादा म्हणाला. “मला कामाला एवढी मुदत कुणी देत नाही.”

“तू मुदत मागतोस कुठे? उद्या येतो म्हणतोस आणि जातच नाहीस,” वहिनी म्हणाली.

धाकटीने चमचा खाली ठेवला. “आई, औषध अजून बशीत आहे.”

“मग बशीतून वाटीत घ्यायचं,” दादा म्हणाला.

वहिनी फसकन हसली. पोटावर हात दाबत दादाही हसला. जास्त हसायची त्याला सोय नव्हती. आई हसली. नाही नाही म्हणता धाकटीलाही हसू आलं आणि जे बोलायला तिने तोंड उघडलं होतं ते त्या हसण्याबरोबर वाहून गेलं. हे तिला नवीन नव्हतं. ह्या घरात अवघड गोष्ट दारापर्यंत आली की कुणीतरी विनोद करायचं, आणि ती बिचारी बाहेरच्या बाहेर परत जायची. इतर दिवशी धाकटीनेही तिला जाऊ दिलं असतं. पण तिला सोमवार दिसत होता. शिवाय ह्या वेळी दाराला अडसर लावायला सगळ्यांनी तिचंच काम वापरलं होतं, हातचं, खणखणीत काम. ते तिला सहन होईना.

“दादा, मला बोलू दे,” ती म्हणाली.

“बोल की. त्याआधी एक सांग, बशे. ह्या तुझ्या मेल्या त्या. मरायच्या आधी काय करत होत्या?”

“विणत होत्या. धागे.”

“ते धागे बशीतच होते?”

“बशीतच.”

“आणि ह्या मेल्यावर?”

तो सूप ढवळत होता, वर बघत नव्हता. कुणाच्या न्हाणीघरात गुडघ्यावर बसून, कान भिंतीला लावून, गळती नेमकी कुठे आहे ते शोधताना त्याचा चेहरा असाच असायचा. धाकटीला एकदम कळलं, की हा गंमत करत नाहीये.

“धागे तसेच राहिले,” ती म्हणाली.

“म्हणजे गवंडी गेला, भिंत राहिली.”

“भिंत राहिली.”

आई पाव तोडता तोडता थांबली. वहिनी म्हणाली, “पण गवंडीच मेला तर नवी भिंत तर नाही ना घालणार कुणी?”

“नाही घालणार. वहिनी, अगदी बरोबर. औषध त्याच्यासाठीच आहे.” धाकटी सरसावून बसली. आता तिचा आवाज संस्थेतला झाला. ठाम, घाई नसलेला. “ते चालणार आहे. मी उगाच म्हणत नाही, चालणारच आहे. पण अजून बशीत चाललंय. मग जनावरांत बघतील, मग थोड्या माणसांत, मग जास्त माणसांत. त्याला वर्षं जातील, आई. महिने नव्हे. आणि ते येईल तेव्हाही भिंत उभी राहायच्या आत द्यायचं असेल. उभी राहिलेली भिंत त्याने पडत नाही.”

“आणि ह्याच्यात?” वहिनीने विचारलं.

“ह्याच्यात भिंत आहे. मागच्या वर्षीच होती.”

“मागच्या वर्षी?” वहिनीचा चेहरा उतरला. “मागच्या वर्षी तर भरलं म्हणाले होते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतं.

“भरलंच होतं ना,” दादा हळू म्हणाला. “मला त्याच दिवशी कळलं. मी नळवाला माणूस. लोक ‘भरलं’ म्हणाले की आनंदतात, टाकी भरली, हौद भरला. आम्ही पाइपात राहणारी माणसं. आम्हाला कुणी ‘पाइप भरलाय’ म्हणून बोलावलं, की आम्ही पिशवीतून काढतो ती कर…”

त्याने आईकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

“वर्षभर तुला ठाऊक होतं?” वहिनी म्हणाली. “आणि मी इथे गाळत बसलेय!”

“तू गाळलंस म्हणूनच वर्ष निघालं.”

“गोड बोलू नकोस. कणीस कुणी खाल्लं?”

“अर्धंच,” दादा म्हणाला.

धाकटीचं आतडं तुटलं. वर्षभर ती ज्याला जपत होती, तो वर्षभर तिला जपत होता. आणि दोघं मिळून आईला. अभ्यास केला सगळा पोटाचा, पण ह्या पोटाचा थांग तिला लागला नव्हता. मात्र आता मागे फिरायचं नाही, हेही तिला स्पष्ट दिसलं. तिने खुर्ची दादाकडे वळवली.

“ऐक. वीतभर तुकडा आहे तो. बाकीचं आतडं धडधाकट आहे, मी सगळे फोटो पाहिलेत. सर्जन चांगले आहेत, त्यांच्या हातचे तुकडे माझ्या बशीत येतात. कडा बघितल्या की हात कसा आहे ते कळतं. आणि पुढे कधी ह्या दुरुस्तीवाल्या जोडाच्या जागी पुन्हा जमायला लागल्या, तर तिथे मी आहे. ते माझं राहिलं. पण आजची गोष्ट माझ्या बशीत नाही. आजचं काम म्हणजे…”

इथपर्यंत ती धडाधड आली, आणि तोच शब्द नेमका पुढ्यात आला. तिने आईकडे पाहिलं. दादाने पाहिलं, वहिनीने पाहिलं. संस्थेत दिवसाकाठी शंभरदा हा शब्द वापरणाऱ्या बाईची जीभ टाळ्याला चिकटली.

“म्हणजे ते,” ती म्हणाली.

वहिनी पंख्याकडे जायला उठली.

“बस गं,” आई म्हणाली. “पंखा ठीक आहे.”

वहिनी बसली. आईने हातातला पाव ताटलीत ठेवला, बोटांना लागलेला चुरा झटकला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ती एकदम लहान दिसायची.

“तू मघाशी काय म्हणत होतास?” तिने दादाला विचारलं. “पाइप भरलाय म्हणून बोलावलं, तर पिशवीतून काय काढता?”

“जाऊ दे ना आई. सूप छान झालंय.”

“सूपाचं तिला सांग, तिने केलंय. मला पाइपाचं सांग. औषध ओतता?”

“कधी कधी ओततो.”

“त्याने भागलं नाही तर?”

दादा पुन्हा सूप ढवळू लागला. धाकटीला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी गमतीचं बोलेल. तिने वाट पाहिली. विनोद आलाच नाही.

“तुझे वडील गेले तेव्हा,” आई म्हणाली, “डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं होतं, की हृदय बंद पडलं, पोटाचं काम चांगलं झालं होतं. मी ऐकून घेतलं. पण राग कुणावर तरी काढायला हवा होता. हृदयावर कसा काढायचा? माझंच माणूस, त्याचंच हृदय. मग मी त्या शब्दावर काढला. तुम्हीही पोरं इतकी शहाणी, की एकाने माझा राग मोडला नाही.”

दादाने तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, शाळेत जाताना हट्ट करणाऱ्या पोराचा ठेवावा तसा.

“आता नीट ऐका तिघंही, पुन्हा म्हणायला लावू नका,” आई म्हणाली. “ह्याचं ऑपरेशन करायचं. उद्या सकाळी फोन मी करणार.”